पैठणची पैज

राजा सातवाहन राण्यांसह जलक्रीडेत रमला होता. अंगावर येणाऱ्या पाण्याने बेजार झालेल्या एका राणीने त्याला संस्कृतात विनवले, की आता पाणी मारू नका. तिच्या बोलण्यातले 'मा' आणि 'उदकैः' हे शब्द संधी होऊन 'मोदकैः' असे कानावर पडले. राजाने लगेच सेवकांना मोदक आणायला पिटाळले. राणी हसली. पाण्यात मोदकांचे काय काम, संधीसुद्धा कळत नाही का, असे तिने सगळ्यांसमोर विचारले. राजा तडक महालात गेला, आडवा पडला आणि कोणाशी बोलेना.

दोन मंत्री त्याच्या समजुतीला गेले. गुणाढ्य म्हणाला, व्याकरण शिकायला माणसाला बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. दुसरा, शर्ववर्मा, म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्य भडकला. हे जमले तर आपण संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली, तिन्ही भाषा कायमच्या सोडू, अशी प्रतिज्ञा त्याने केली. शर्ववर्मानेही उलट शब्द दिला: जमले नाही, तर बारा वर्षे राजाच्या वहाणा डोक्यावर वाहीन. बोलून बसल्यावर तो घाबरला, कार्तिकेयाला शरण गेला आणि देवाकडून एक आटोपशीर व्याकरण घेऊन परतला. राजा सहा महिन्यांत शिकला. गुणाढ्य पैज हरला आणि अरण्यात निघून गेला.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त सांगितलेली ही गोष्ट घडते ती प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या पैठणला. नगर जिल्ह्यातल्या शेवगावहून ईशान्येकडे निघाले की पैठण जेमतेम तीस किलोमीटर. वायव्येला तसेच पन्नास किलोमीटरच्या आत प्रवरेकाठी नेवासे. शेवगाव तालुक्याच्या उत्तर अंगाला आज नाथसागराचे पाणी आहे, आणि त्या पाण्याच्या दोन टोकांना ही दोन गावे. अवघड भाषा सोपी कशी करायची, या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरे या दोन गावांनी दिली.

गोष्टीतला देव, राणी आणि मोदक बाजूला ठेवले, तरी शर्ववर्माच्या नावावरचे ते व्याकरण शिल्लक राहते. त्याचे नाव 'कातंत्र'. कार्तिकेयाच्या कथेमुळे त्याला 'कौमार' किंवा 'कालाप' असेही म्हणतात. ते इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले. पाणिनीची सूत्रे चार हजारांच्या आसपास. कातंत्राची, पुढे जोडलेला कृत्-प्रकरणाचा भाग धरूनही, सुमारे चौदाशे.

ही छाटणी आंधळी नव्हती. वेदांच्या भाषेपुरते लागणारे नियम शर्ववर्माने सरळ गाळले, कारण राजाला ऋचांचा अर्थ लावायचा नव्हता, चारचौघांत संस्कृत बोलायचे होते. पाणिनीने 'अच्', 'हल्' अशा सांकेतिक संज्ञा घडवल्या होत्या. कातंत्राने 'स्वर', 'व्यंजन' हे रुळलेले शब्द वापरले. पाणिनीकडे एकच शब्द सिद्ध करायला आठ अध्यायांतून फिरावे लागते, कारण त्याची मांडणी सूत्रांची संख्या वाचवण्यासाठी केलेली आहे. कातंत्रात संधी एका जागी, नामे दुसऱ्या जागी, क्रियापदे तिसऱ्या. एकाने भाषेचे यंत्र उलगडून दाखवले, दुसऱ्याने ते चालवायला शिकवले.

या पुस्तकाचा प्रवास पाहिला की त्याचा खरा विद्यार्थी कोण होता ते कळते. कातंत्र काश्मिरात आणि बंगालात रुजले. तिबेटी भाषेत त्याची भाषांतरे झाली. आज चीनच्या शिनजियांग प्रांतात मोडणाऱ्या मध्य आशियातल्या वाळवंटी ठाण्यांवर जी जुनी हस्तलिखिते सापडली, त्यांत कातंत्राचे तुकडे निघाले. घरी वेगळीच भाषा बोलणाऱ्या आणि धर्मग्रंथांसाठी संस्कृत शिकणाऱ्या भिक्षूंना हे व्याकरण पेलवत होते. कलकत्त्याच्या 'बिब्लिओथेका इंडिका' मालेत युलिउस एगेलिंग यांनी १८७४ ते १८७८ या काळात दुर्गसिंहाच्या वृत्तीसह ते छापले, तेव्हा पैठणच्या कथेतला ग्रंथ आधुनिक अभ्यासकांच्या हाती आला.

पुढे गंमत झाली. राजस्थान आणि बुंदेलखंडातल्या गावठी पाठशाळांत पोरे अक्षरओळख करताना कातंत्राची पहिली सूत्रे घोकत. संस्कृत येत नसल्याने ती सूत्रे तोंडातोंडी इतकी झिजली, की शिकवणाऱ्यालाही अर्थ सांगता येईना. जे पुस्तक घोकंपट्टीची वर्षे वाचवण्यासाठी रचले गेले, त्याचीच घोकंपट्टी झाली.

नेवाशाचे उत्तर यापेक्षा निराळे होते, पण त्याआधी नगर जिल्ह्यातल्याच सराळ्याच्या म्हाइंभटांचे नाव घ्यावे लागते. म्हाइंभट विद्वान ब्राह्मण. चक्रधरस्वामींचे शिष्य झाल्यावर त्यांनी १२७८च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले, तेही बोलत्या मराठी गद्यात. चक्रधरांनी उपदेश मराठीत केला होता आणि त्यांच्यामागे महानुभाव पंथ सांभाळणारे नागदेवाचार्य त्याबाबत कडक होते. केशिराजबासांसारख्या पंडित शिष्याला संस्कृतात लिहायची हौस आली, तेव्हा नागदेवांनी ती अडवली. त्यांची काळजी पंथातल्या म्हाताऱ्या बायकांची होती. संस्कृतात लिहिले तर त्या वंचित होतील, असे त्यांनी सांगितल्याचे 'स्मृतिस्थळ' हा पंथाचा ग्रंथ नोंदवतो. मराठीत वाचक डोळ्यांसमोर ठेवून भाषा ठरवल्याची इतकी स्पष्ट जुनी नोंद क्वचितच सापडेल.

त्याच पंथाने पुढे हे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. भाषा म्हातारीला कळेल अशी, अक्षरे मात्र पंथाबाहेरच्या पंडितालाही लागू नयेत अशी. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे, वि. का. राजवाडे अशा संशोधकांच्या हाती या लिप्यांच्या किल्ल्या आल्या, तोवर बाकीच्या मराठी समाजाला आपल्या सर्वांत जुन्या गद्याचा पत्ता नव्हता.

शके १२१२, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असे परंपरा मानते, तो पैस खांब तिथे आजही आहे. शर्ववर्माने चार हजारांचे चौदाशे केले होते. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या केल्या. मूळ ग्रंथ सोपा करायचा म्हणून तो दहापटीहून अधिक वाढवला.

कारण अडचण वेगळी होती. गीतेतले शब्द फारसे कठीण नाहीत. कठीण आहे ते दोन शब्दांच्या मधले, न सांगितलेले. ते भरून काढायला जागा लागते. म्हणून ज्ञानेश्वर एका कल्पनेसाठी एक दृष्टांत देऊन थांबत नाहीत, चार-पाच देतात. ऐकणाऱ्याला त्यांतला एक तरी आपल्या घरचा वाटेल, या हिशेबाने. छंदही त्यांनी ऐकणाऱ्यांच्या ओठांवरचा उचलला. जात्यावर बसणाऱ्या बाईला ओवीची चाल शिकवावी लागत नव्हती. ज्ञानेश्वरी वाचून कळण्याआधी ऐकून कळावी अशी रचली गेली, आणि निरक्षर माणसासाठी भाषा सोपी करण्याचा त्या काळी तोच मार्ग होता.

तीनशे वर्षांत तीही अवघड झाली. हातोहाती उतरवताना पाठ बदलले, लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, प्रती जमवून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असे बजावले. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व मानलेल्या एका प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा दोन्ही पाठांतल्या भाषेचा फरक अभ्यासकांपुढे आला. लोक जी ज्ञानेश्वरी वाचत होते, तिची शब्दरूपे शतकाशतकाने थोडी थोडी नवी होत आली होती. प्रत उतरवणारा प्रत्येक लेखक नकळत आपल्या वाचकाची सोय पाहत होता.

एकनाथांचा स्वतःचा मार्ग तिसराच. भागवताच्या एकट्या एकादश स्कंधावर त्यांनी अठरा हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या आणि त्या १५७३ साली काशीत पूर्ण केल्या. मराठीत भागवत लिहिले म्हणून तिथल्या पंडितांनी त्यांना जाब विचारल्याची आठवण परंपरेने जपली आहे. भारुडांत मात्र त्यांनी बोलणाराच बदलला. वेदान्त सांगायला गोंधळी आला, वासुदेव आला, जोशी आला, जोगवा मागणारी आली. विंचू चावलेला माणूस ओरडत रंगणात येतो आणि त्याच्या ओरडण्यातून काम-क्रोधाचा विषय निघतो. इथे सूत्रे छाटलेली नाहीत आणि अर्थाचा विस्तारही नाही. ऐकणाऱ्याने गावच्या वेशीवर रोज पाहिलेला माणूस तीच गोष्ट त्याच्या तोंडच्या भाषेत सांगतो. फाल्गुनातल्या नाथषष्ठीला पैठणला दिंड्या येतात, तेव्हा ही भारुडे आजही रंगतात आणि त्यांवर टीप द्यावी लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात सोपेपणाची गरज कानाकडून डोळ्यांकडे सरकली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी छापली. त्याआधी, १८३१ साली, अमेरिकन मराठी मिशन नगरला आले होते. सिंथिया फॅरार यांनी तिथे मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांचे शिक्षिका म्हणून प्रशिक्षण त्यांच्याकडे झाले, असे मानतात. १८४२ साली नगरमध्येच 'ज्ञानोदय' निघाले. मिशनचे मुलांसाठीचे 'बालबोधमेवा' १८७२ पासूनचे. अक्षरे नुकतीच लागलेल्या वाचकासाठी छापायचे, तर वाक्य किती लांब असावे आणि जोडाक्षरे किती यावीत, याचा विचार छापखान्याला करावा लागला. कीर्तनकार श्रोत्याचा चेहरा पाहून सूर बदलतो. छापलेल्या पानाला ते जमत नाही.

याच नगर-राहुरी भागात ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई राहत होते. लक्ष्मीबाईंना लिहायला-वाचायला नवऱ्याने लग्नानंतर शिकवले, शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध झाली. पंडिती वळण हाताला कधी लागलेच नाही, म्हणून ते टाकायचे कष्टही पडले नाहीत. मराठीतल्या सर्वांत वाचनीय गद्यात त्या पुस्तकाची गणना होते.

पंडिता रमाबाईंची गत नेमकी उलटी. लहानपणी भागवताचे हजारो श्लोक पाठ केलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या या बाईंनी उतारवयात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलच्या भाषांतराला हात घातला. चालू भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी आश्रमातल्या साध्या बायकांना कळत नव्हती. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मिशनच्याच छापखान्यात तिथल्याच बायकांनी खिळे जुळवले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, तेव्हा काम नुकते संपत आले होते. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. सोपी मराठी लिहिता यावी म्हणून दोन परक्या प्राचीन भाषा शिकण्याचे हे उदाहरण जगातही फारसे सापडणार नाही.

जगात त्या सुमाराला मोजमापाचे दिवस आले होते. मायकेल वेस्ट ढाक्यात बंगाली मुलांना इंग्रजी शिकवत होते. प्रत्येक पानावर नवे शब्द किती यावेत हे ठरवून त्यांनी १९२०च्या दशकात क्रमवार वाचनपुस्तके तयार केली. केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली अवघ्या ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली. सारी यादी एका कागदावर मावत असे. हा शर्ववर्माचाच मार्ग होता, फक्त छाटणी नियमांऐवजी शब्दांची. तिच्यातली खोच शिकणाऱ्यांना लवकरच जाणवली. तीन सोपे इंग्रजी शब्द एकत्र आले, की अनेकदा त्यांतून चौथाच अर्थ निघतो आणि तो यादीत नसतो.

नेमक्या त्याच वर्षी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी, विनोबा भाव्यांनी 'गीताई' रचायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ला ती संपवली. संस्कृत गीता न समजणाऱ्या आईने, रुक्मिणीबाईंनी, मराठी गीता मागितली होती आणि तूच का लिहीत नाहीस, असे मुलाला विचारले होते. विनोबांनी ज्ञानेश्वरांसारखा विस्तार केला नाही. श्लोकाला श्लोक, छंदही मूळचाच अनुष्टुभ, शब्द तेवढे घरातले. पाठ करायला ओवीइतकीच सोपी असलेली ही गीता १९३२ साली धुळ्यात छापली गेली आणि पुढे घरोघर पोचली.

संस्कृतची पैजही महाराष्ट्राने पुन्हा लावली. रा. गो. भांडारकरांचे 'मार्गोपदेशिका' हे पुस्तक १८६४चे. थोडे व्याकरण, थोडे शब्द, लगेच वाक्ये, या क्रमाने त्यावर पिढ्या शिकल्या. अलीकडे संस्कृत भारतीच्या वर्गांत दहा दिवसांत बोलायला शिकवतात. त्यासाठी 'त्वम्'ऐवजी 'भवान्' वापरतात, म्हणजे क्रियापदाचे तृतीयपुरुषी रूपच पुरते, आणि भूतकाळासाठी अनेक लकारांऐवजी, म्हणजे क्रियापदाच्या काळरूपांऐवजी, 'गतवान्', 'गतवती' अशी रूपे चालवतात. शर्ववर्माने वैदिक नियम गाळले होते, या वर्गांनी लकार गाळले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठी सोपी करण्याचे काम सरकार आणि साहित्यसंस्थांकडे आले. त्याआधी सावरकरांनी 'अि', 'अु' अशी अ-ची बाराखडी सुचवली होती आणि 'किर्लोस्कर'सारख्या मासिकांनी ती वर्षानुवर्षे छापली. शाळेत मात्र ती टिकली नाही. टिकला तो बदल वरकरणी क्षुल्लक होता. मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेल्या आणि १९६२ साली शासनाने स्वीकारलेल्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. 'घरांत', 'कां', 'नाहीं' यांवरची टिंबे गेली. १९७२ साली आणखी चार नियम जोडले गेले आणि एकूण अठरा झाले. व्युत्पत्तीची खूण पुसली म्हणून जाणकार हळहळले. पहिलीतल्या मुलाचे मात्र ओझे उतरले, कारण जे ऐकू येत नाही ते लिहिण्याची सक्ती संपली.

त्याच १९६२ साली शेवगावचे त्र्यंबक शिवराम तथा बाळासाहेब भारदे विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १९७२ पर्यंत त्या आसनावर राहिले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ त्यांच्याच कारकिर्दीत मंजूर झाला. राज्याचा कारभार मराठीतून चालावा हे ठरले; कोणत्या मराठीतून, हा प्रश्न भाषा संचालनालयाच्या कोशांवर सोपवला गेला. कोशकारांपुढे हजारो इंग्रजी संज्ञा होत्या आणि एका संज्ञेला एकच नेमका प्रतिशब्द हवा होता. तो बहुधा संस्कृतातून घडवला गेला. परवान्याची 'अनुज्ञप्ती' झाली, ठरलेल्या अर्जाचा 'विहित नमुना' झाला. कायद्याच्या दृष्टीने हे शब्द नेटके आहेत. पण तहसील कचेरीत आलेल्या शेतकऱ्याला फेरफार, वहिवाट, बोजा, खातेफोड हे जुने शब्द बिनचूक कळतात आणि अनुज्ञप्तीपाशी तो अडतो. 'फेरफार' हा शब्द तितकाच तांत्रिक आहे, पण तो चार पिढ्यांच्या वापराने घरचा झालेला आहे. शब्दांच्या यादीवरून सोपेपणा ठरवायला गेले की नेमकी ही बाजू सुटते.

शेतकऱ्याच्या हातातल्या सर्वांत महत्त्वाच्या कागदाचे सुलभीकरण महसूल विभागाने २०२० साली केले. सातबाऱ्याचा नमुना सुमारे अर्ध्या शतकाने बदलला. गावाच्या नावापुढे त्याचा संकेतांक आला, क्षेत्राचे एकक स्पष्ट छापले जाऊ लागले, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख एका जागी दिसू लागली. शब्द जवळपास तेच राहिले. सर्वांत उपयोगी बदल कंसाचा होता. मयत खातेदाराचे नाव किंवा फिटलेल्या कर्जाचा बोजा पूर्वी कंसात टाकत. कंस म्हणजे 'ही नोंद रद्द' हे तलाठ्याला माहीत होते. वाचणाऱ्याला फिटलेले कर्ज अजून डोक्यावर आहे असे वाटण्याचा धोका होता. नव्या नमुन्यात अशा नोंदीवर आडवी रेघ मारतात.